लाइट गेली की रुपया परत

माझ्या टेबलावर एक छोटं काचेचं यंत्र आहे. त्यावर माणसाने अंगठा ठेवायचा आणि कॉम्प्युटरने त्याला ओळखायचं, असा आताचा रिवाज. मोखाड्यात तहसीलच्या वाटेवर माझं दाखले काढून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, जो हवा तो. ज्या कॉम्प्युटरला मी एके काळी येता-जाता शिव्या घालायचे, त्याच्याच तोंडासमोर बसून आता पोट भरते. शिव्या अजूनही घालते, पण आता त्या नेटला असतात.

परवा वांगणीकडची एक म्हातारी आली. अंगठा ठेवला, ओळखला नाही. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, मग दुसऱ्या हाताचा ठेवला. जन्मभर भात लावून, नागली खुडून, भट्टीवर विटा उचलून बोटांवरच्या रेषाच उरल्या नव्हत्या. मागे रांग वाढत होती. मी वैतागून म्हटलं, "आजी, बोटं दगडावर घासून आलात की काय?" ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू त्या पेटीवाल्याची बाय ना?"

मी माऊस सोडून तिच्याकडे नीट बघितलं.

"ती पेटी आहा अजून," ती म्हणाली. "माझ्या पडवीत. कोंबडी बसते तिच्यात."

पेटी म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात टीव्हीची ट्यूब, पुढे एक दांडा आणि चार बटणं, आणि खाली नाणं टाकायची फट. रुपया टाकायचा आणि मरेपर्यंत खेळायचं. मरायचं अर्थात पडद्यावरच्या माणसाने. असली चार मशीनं आमच्या ह्यांनी मोखाड्यात आणली होती. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. एरवी मी पुष्कळ पद्धती मोडल्या आहेत, ही मात्र मोडावीशी वाटत नाही. त्यामुळे ते इथेही 'हे'च राहतील.

हे मूळचे खोडाळ्याचे. शाळा सोडून ठाण्याला गेले आणि एका गेमच्या दुकानात झाडूपोछा करता करता मशीन दुरुस्त करायला शिकले. ते दुकान बंद पडलं तेव्हा मालकाने राहिलेल्या पगाराऐवजी मशीनं दिली. ती टेम्पोत उभी करून, दोरखंडांनी बांधून हे घाट चढून आले आणि एसटी स्टँडजवळ पत्र्याचा गाळा घेतला. त्याच वर्षी आमचं लग्न झालं. माझे वडील जव्हारला प्राथमिक शिक्षक. जावई काय करतो, असं कोणी विचारलं की वडील म्हणायचे, "इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे," आणि विषय बदलायचे. मी बारावी झालेली, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. मलाही सुरुवातीला त्या गाळ्यात बसायची लाज वाटायची. पण घरी बसून सासूच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

बाजाराच्या दिवशी गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. पाड्यापाड्यांवरून माणसं यायची. मिरची-मीठ घेऊन झालं की जीप सुटेपर्यंत आमच्याकडे. कॉलेजची पोरं असायची, तसे पिकल्या मिशांचे बाप्येही असायचे. एक म्हातारा तर पिशवी पायात धरून विमानवाला गेम असा खेळायचा की शत्रूच्या विमानांना तोंडाने शिव्या देऊन खाली पाडायचा. गेमची इंग्रजी नावं कोणाच्या लक्षात राहायची नाहीत. मारामारीवाला, गाडीवाला, विमानवाला एवढंच. चिखलाचे पाय, ओल्या घोंगड्या, विडीचा धूर आणि या सगळ्यात मशीनचं ते किरकिरं संगीत. माझं डोकं उठायचं. ह्यांना ते देवळातल्या घंटेइतकं पवित्र वाटायचं.

ह्यांचे दोन नियम होते. नव्या जागी मशीन मांडलं की पहिला रुपया स्वतः टाकायचा. तो डाव मात्र स्वतः खेळायचा नाही, जो पहिला येईल त्याला द्यायचा. ही ह्यांची बोहनी. दुसरा नियम लाइटचा. तेव्हा लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता, आणि डाव अर्धवट असताना लाइट गेली तर पडदा काळा व्हायचा, सगळं पुसलं जायचं. ठाण्याला असं झालं की दुकानदार हात वर करायचे. हे मात्र करदोऱ्याला बांधलेल्या किल्लीने मशीनचा गल्ला उघडायचे आणि ज्याचा रुपया त्याला परत द्यायचे. "डाव नाही झाला, तर पैसा आपला नाही," हे म्हणायचे. यामुळे झालं काय, की हरायला आलेला प्रत्येक जण लाइट जावी म्हणून देवाचा धावा करायचा. मी चिडायचे. मला धंदा कळायचा, ह्यांना मशीन कळायचं. आमचं भांडण त्यावरूनच व्हायचं आणि त्यावरच मिटायचं.

मग ह्यांना दम लागायला लागला. आधी घाटात, मग जिन्यात, मग बसल्या जागी. पाय सुजायचे. नाशिकला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, लांबवू नका, आणि वजन अजिबात उचलू नका. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "लहानपणी मला ताप आलेलाही आठवत नाही." जसं काही डॉक्टरने चोरीचा आळ घेतला होता.

पैसे उभे करायचे तर आमच्याकडे विकण्यासारखं होतं काय? मशीनं. दुसरं काहीच नाही. आणि नेमका त्याच सुमारास आमच्या गाळ्यासमोर कॉम्प्युटरचा क्लास उघडला.

काचेचं दार, खिडकीला पडदे, आत गारवा. धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. आमच्याकडे लोक चिखलाचे पाय घेऊन यायचे आणि तिथे तहसीलमधल्या साहेबांची मुलं, मास्तरांची मुलं चपला काढून, देवळात शिरावं तशी शिरायची. हे गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून त्या चपला बघत बसायचे. "आज वाढल्यात," म्हणायचे. कधी पाऊस असला की, "आज कमी आहेत." ओळखीची चप्पल दिसली, काल-परवापर्यंत आमच्याकडे येणाऱ्या कोणाची, की दिवसभर गप्प. काही महिन्यांनी त्या क्लासवाल्याने शनिवारी मुलांना कॉम्प्युटरवर गेम खेळू द्यायला सुरुवात केली. रंग आमच्यापेक्षा झकास, आणि रुपया टाकायची भानगड नाही. त्या शनिवारी चपला पायरीवर मावल्या नाहीत, रस्त्यावर आल्या.

मी म्हटलं, "अहो, विकून टाका. आत्ता कोणी तरी घेईल."

गिऱ्हाईक आलंही. इगतपुरीकडचा एक जण, चारही मशीनं घ्यायला तयार. भाव बरा होता. नाशिकचं निम्म्याहून जास्त काम झालं असतं, बाकीचं वडिलांनी केलं असतं. सगळं ठरत आलं आणि हे विचारून बसले, "कुठे लावणार?" तो म्हणाला, लावायचं कुठलं, ट्यूबा काढून टीव्ही बनवणार, लाकूड बंबाला. ह्यांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं आठवतं आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यावासा वाटत नाही. मशीनची छाती फाडलेली बघवत नाही म्हणे! आणि स्वतःची? "तुमच्या त्या पेट्यांना काळीज नाही, तुम्हाला आहे, आणि ते फाटायला आलंय," मी ओरडले. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू बोलतेस ते बरोबर आहे. पण अजून चालतायत गं ती." चालणारी वस्तू मोडायला देणं ह्यांना जमायचंच नाही. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढे ट्यूबांनाही कोणी विचारेना. दोन मशीनं बंद पडून भंगारात गेली, तिसरं हे खोडाळ्याच्या बाजारात लावायला लागले. काही काळ बरं चाललं. मग तिथे फोटो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटर आणला. हे परत आले, पण हिरमुसून नाही. डोक्यात एक नवी गोष्ट घेऊन आले. "जिथे लाइट जुनी, तिथे आपण जुने," ह्यांनी मला समजावलं. "जिथे लाइट नवी, तिथे आपण नवे." म्हणजे कॉम्प्युटर मागून येणार आणि आपण त्याच्या पुढे पुढे पळत राहायचं, रस्ता संपेपर्यंत. मला हसू आलं, आणि हसता हसता भीतीही वाटली. कारण आमच्या भागात रस्ता लवकर संपतो.

वांगणीच्या एका पाड्यावर तेव्हा नुकतेच विजेचे खांब पोहोचले होते. ह्यांनी हिशेब मांडला होळीचा. आमच्याकडे दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, पोराबाळांसकट. पण होळीला परत येतात. दिवाळी चुकेल, लग्न चुकेल, होळी चुकत नाही. हातात मजुरी असते, अंगात सण असतो. चालू राहिलेली दोन मशीनं त्या दिवसांत तिथे लावायची, जे येईल ते घेऊन, लागली तर वडिलांची मदत घेऊन, होळी झाली की सरळ नाशिक. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. डॉक्टरांनाही तसं कळवलं. मला तो हिशेब पटला, कारण होळीला माणूस घरी येतो की नाही, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. सूर्य उगवणार का, असं विचारल्यासारखं होतं ते.

होळीच्या दिवशी सकाळीच निघालो. जीपवाल्याने दोनातलं एकच मशीन घ्यायची तयारी दाखवली, तेवढ्यावरच हे खूश. जिथे डांबर संपलं आणि खडी उखडलेली होती, तिथे जीपवाल्याने हात टेकले. पाडा समोरच्या चढावर दिसत होता. हे म्हणाले, "हाक मारली की चार बाप्ये येतील." मी हाक मारली. एक म्हातारी आली, तीच, परवा माझ्या टेबलासमोर बसलेली. तेव्हा ती एवढी म्हातारी नव्हती. तिच्या मागून आणखी दोन-तीन बाया आल्या, सगळ्या उतारवयाच्या.

"बाप्ये कुठे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"कोणी नाय रं बाबा. समदी भट्टीला."

"अहो, पण आज होळी!"

"होळीलाबी सोडला नाय यंदा शेठनी," ती म्हणाली. "अवकाळी पाऊस झाला, इटा भिजल्या, काम मागं पडला. सांगावा आला काल. कोणी येत नाय."

हे तिथेच दगडावर बसले. पाड्यावर फक्त म्हाताऱ्या आणि तान्ही पोरं आणि खुंट्याला बांधलेली गुरं. होळीचं लाकूडही बायांनीच तोडून आणलेलं, ह्यांच्या छातीइतकंसुद्धा उंच नव्हतं. मी म्हटलं, "चला परत. इथूनच सरळ नाशिकला जाऊ." त्या म्हातारीने मशीनकडे बघितलं आणि विचारलं, "काय आहा त्या पेटीत?" झालं. हे उठले.

बायांनी बांबू आणला, मशीन दोरांनी त्याला टांगलं. त्या ह्यांना हात लावू देत नव्हत्या. चेहराच तसा झाला होता ह्यांचा. पण चढावर एकीचा पाय घसरला, बांबू कलला आणि मशीन जाणार असं दिसताच ह्यांनी धावत जाऊन खांदा घातला. मी किंचाळले. "सोडा! पडू दे ते!" ह्यांनी सोडलं नाही. पडवीत नेऊन उभं करेपर्यंत सोडलं नाही.

मग बराच वेळ भिंतीला टेकून बसले. ओठ निळसर दिसत होते. मी परत जीप मिळते का बघायला एका बाईला पाठवलं. जीपवाला खाली झाडाखाली झोपला होता, निघाला नव्हता, हे नशीब. पण हे ऐकेनात. "एकदा लावून बघू, मग उठतो." वायर जोडली. पडदा हलला, स्थिर झाला, आणि त्या शेणाने सारवलेल्या पडवीत लाल-निळा उजेड पडला. बाया तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. ह्यांनी खिशातून रुपया काढला, फटीत टाकला. टिंग वाजलं. म्हातारीला म्हणाले, "ये आई. पहिला डाव तुझा. हा दांडा धर."

ती लाजत, हसत पुढे आली. हात पदराला पुसला, दांड्यावर ठेवला. आणि लाइट गेली.

पडदा मिटला. ती दचकून म्हणाली, "मी काय केला नाय हां." आम्ही सगळेच हसलो. हेही हसले. मग वाकून ह्यांनी करदोऱ्याची किल्ली सोडवली, गल्ला उघडला. आत तो एकच रुपया. तो काढून ह्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. "आता नाशिक."

उभं राहताना ह्यांचा तोल गेला. मी धरेपर्यंत हे खाली बसले होते, आणि श्वास असा वाजत होता की मला तो आवाज अजून कधी कधी पंख्यात ऐकू येतो.

मशीन टांगलेला बांबू दारातच होता. बायांनी चादरीची झोळी करून त्याला बांधली, ह्यांना आत घातलं आणि उचललं. बाईने कोणाला खांदा द्यायचा नसतो, असलं काही तिथे कोणाला आठवलं नाही. आठवायला बाप्ये नव्हते. मी एका हाताने बांबू धरला होता, दुसऱ्या हाताची मूठ तशीच मिटलेली. ती का उघडली नाही, मला माहीत नाही. उतारावर हे एकदा म्हणाले, "मशीनला वरून काही तरी झाका." मी म्हटलं, "गप्प बसा." तेच आमचं शेवटचं बोलणं. जीप दिसायला लागली, जीपवाला धावत वर येत होता, आणि बांबूवरचं वजन एकदम वेगळं लागलं. म्हातारीला ते माझ्या आधी कळलं. तिने बायांना थांबायला सांगितलं.

झोळी वाटेवर खाली ठेवली. ऊन चढलं होतं. पळसाला फुलं होती, मला त्यांचा राग आला. म्हातारीने ह्यांचे डोळे मिटले, हनुवटीखाली पदराची चिंधी बांधली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कपाळाला बंदा रुपाया लावावा लागं. आमच्याजवळ नाय गं बाय."

मी मूठ उघडली. घामाने रुपया तळहाताला चिकटला होता, मधोमध गोल वळ उठला होता. कपाळावर ठेवला तर तो घसरायचा. शेवटी म्हातारीने आपला अंगठा त्याच्यावर दाबून धरला आणि जीपमध्ये, मोखाडा येईपर्यंत, तो तसाच दाबून बसली.

परवा तिचा दाखला निघाला नाही. कॉम्प्युटर तिला ओळखत नाही म्हणाला. मी तिला आत बोलावून चहा दिला, आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, लाइट गेलीय, उद्या या. लाइट होती. तरी रांग पांगली. अर्जाचे पैसे तिने आधीच टेबलावर ठेवले होते. काम झालं नव्हतं. मी ते तिच्या हातात ठेवले आणि तिची मूठ मिटली.